गल्लीतल्या भिंतीवर चित्र आणि समोर बसायला कट्टा: पुढाकार घ्यायचा तर सुरुवात कुठून?

धोटा

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात गल्लीच्या तोंडाला सरकारी मराठी शाळेची कंपाउंड भिंत आहे. लांबी ४२ फूट, उंची ७ फूट. जांभ्याची, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर वर्षानुवर्षांचा चुना. समोर साधारण १४ फूट रुंदीची मोकळी पट्टी, एका टोकाला पिंपळ. सध्या तिथं दुचाकी लागतात, कोपऱ्यात कचरा पडतो, दिवा लागला तर लागला. युवक मंडळाच्या पोरांचं म्हणणं, भिंतीवर हातमागाचं चित्र काढूया आणि पिंपळाखाली कट्टा करूया. वर्गणी जमेल, उत्साहही आहे.

आधी काय करायचं, परवानगी कुणाची, चित्रकाराला कधी बोलवायचं, रंग कुठला आणि किती, आणि "लोकांना सामावून घ्या" म्हणतात ते नेमकं कसं, एवढं सांगा. अक्षरं कुठल्या भाषेत हा प्रश्न येणारच, तोही आत्ताच निकालात काढूया.

कुंदा_कमी_साखर

शेवटच्या ओळीसाठी चिवडा घेऊन बसलोय.

गेरू

रंगाचं शेवटी बघा, आधी भिंत बघा. चुन्यावर थेट अ‍ॅक्रिलिक मारलं तर रंग चुन्याला धरतो, चुना भिंतीला धरत नाही. दुसऱ्या पावसात पापुद्रे सुटतात आणि लोक म्हणतात रंग हलका वापरला.

क्रम असा ठेवा. पत्र्याची पट्टी आणि तारेचा ब्रश घेऊन चुना गिलाव्यापर्यंत खरवडा. जिथं ठोकल्यावर पोकळ आवाज येतो तिथला गिलावा काढून नवा करा, आणि नव्या गिलाव्याला २८ दिवस द्या. शेवाळ असेल तिथं लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून लावा, रात्रभर ठेवा, सकाळी धुऊन काढा, मग दोन-तीन दिवस कडक वाळू द्या. ब्लीचिंगबरोबर संडास साफ करायचं अ‍ॅसिड कुणी मिसळू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो. लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) लागला असेल तर तो पाण्यानं धुवायचा नाही, कोरड्या ब्रशनं झाडायचा. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात आणि वाळताना पुन्हा वर येतात.

ओल बघायला सोपा उपाय आहे. दीड फूट चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. एकाच जागी करून भागत नाही. खाली, मध्ये, वर आणि पिंपळाच्या सावलीत वेगवेगळं करा.

आणि भिंतीचा माथा. कंपाउंड भिंतींना बहुतेक वेळा वर कोपिंग, म्हणजे पाणी अडवणारी सिमेंटची टोपी, नसतं. पाणी वरून आत मुरतं आणि चित्र वरून खाली सोलत येतं. माथ्यावर १:४ सिमेंट-वाळूचं, उतार दिलेलं कोपिंग करा, दोन इंच बाहेर काढा आणि त्याच्या खालच्या अंगाला अर्ध्या इंचाची खाच ठेवा. थेंब मग भिंतीवरून ओघळत नाही, खाचेपाशी सुटून गळतो. वर्गणीतले पहिले पैसे इथं घाला.

तिसरं_गेट

गेरूंना १००% अनुमोदन. भर एवढीच की खालचा सव्वा-दीड फूट चित्राला देऊ नका. पावसाचं पाणी जमिनीवर आपटून लाल चिखल उडतो तो तिथपर्यंत. तिथं रेड ऑक्साईडचा गडद पट्टा मारा. चिखलही दिसत नाही, पिचकारीही फारशी दिसत नाही.

मलप्रभाकाठ

पिचकारीवरून आठवलं. कोपऱ्यात देवाच्या टाइल्स लावायचा सल्ला कुणीतरी देईलच, तेव्हा आधीच सांगतो, नको. थुंकणारा दोन फूट पुढं सरकतो, आणि एखादी टाइल फुटली की गल्लीत वेगळंच प्रकरण उभं राहतं. बेंगळुरूत 'द अग्ली इंडियन' नावाच्या गटानं अशा कोपऱ्यांचं काम पुष्कळ केलंय. 'काम चालू, मुँह बंद' हे त्यांचं ब्रीद. पद्धत साधी आहे. कचरा उचलायचा, जमीन सारखी करायची, भिंत खाली गडद आणि वर उजळ अशी दोन रंगात रंगवायची, कुंडी किंवा बाक ठेवायचा आणि उजेड आणायचा. पण कचरा तिथं का पडतो ते आधी हुडका. घंटागाडी कुठं थांबते? ज्यांना ती चुकते त्यांची घरं कुठली? गाडीची वेळ बदलल्याशिवाय नुसतं चित्र काढलं तर कचरा चित्राखाली पडेल.

कुंदा_कमी_साखर

म्हणजे हातमागाच्या चित्राखाली प्लॅस्टिकचा ताणा, केळीच्या सालीचा बाणा.

फाईल_क्रमांक

परवानगीचं मी लिहितो. भिंत सरकारी शाळेची म्हणजे पहिली पायरी एसडीएमसी, शाळेची विकास आणि देखरेख समिती. त्यांच्या सभेत विषय घेऊन इतिवृत्तात ठराव नोंदवून घ्या, मुख्याध्यापकांचं तोंडी "करा की" चालणार नाही. ठरावाची प्रत जोडून बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाला अर्ज, कन्नडमध्ये. समोरची पट्टी शाळेच्या हद्दीत की महापालिकेच्या, हे उताऱ्यावर बघा. महापालिकेची असेल तर बाक, फरशी, कुंडी सगळ्याला त्यांची लेखी संमती लागते. दिव्याच्या खांबाला किंवा ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) परवानगीशिवाय हात लावू नका, रंगाचा ब्रशसुद्धा नको. पिंपळाची फांदी छाटायची तर १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा.

कर्नाटकात सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध १९८१ चा कायदा आहे. लेखी परवानगी नसताना लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागी रंगवणं, लिहिणं, चिकटवणं त्यात अडकू शकतं. म्हणून परवानगीची एक प्रत काम चालू असताना जागेवरच ठेवा. देणगीदार दुकानाचं नाव भिंतीवर मोठं आलं की ते चित्र राहत नाही, जाहिरात होते आणि तिचे नियम वेगळे. देणगीदारांची नावं शाळेच्या फलकावर लिहा.

वाचणाऱ्या इतरांसाठी: खेड्यात असाल तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि वॉर्ड सभा, कॅम्पात असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, रेल्वेची भिंत असेल तर हुबळी विभाग. किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीनं. हलशीच्या भूवराह नरसिंह देवळाच्या आसपास कुणी काही करणार असेल तर तिथंही हद्द आणि परवानगी आधीच विचारून घ्या.

जांभा

पुतळ्याचं पण सांगा. युवक मंडळ म्हटलं की दुसऱ्या बैठकीत पुतळा निघतोच.

फाईल_क्रमांक

रस्ता, फुटपाथ आणि सार्वजनिक वापराच्या जागेवर नव्या पुतळ्याला परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. विषय तिथंच संपवा.

भिंतीवरच्या थोर व्यक्तीच्या चेहऱ्यालाही माझा विरोध आहे. चेहरा काढला की हार आला, जयंतीला मंडप आला, रंग उडाला की अवमान झाला. ज्या चित्राची डागडुजी करायला लोक घाबरतात ते चित्र टिकत नाही.

सुपारी_अडकित्ता

असहमत. थोर माणसं नकोत, पुतळा नको, देव नको. मग काय फुलपाखरं काढायची? बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांना रात्रभर गर्दी असते ती गुळगुळीत विषयांना नाही. लोकांना आपलं काही दिसायला पाहिजे.

धोटा

म्हणून तर हातमाग म्हणतोय ओ.

सुपारी_अडकित्ता

हातमाग चालेल. पण नीट काढा. वडगाव-शहापुरात माग न बघितलेला म्हातारा सापडायचा नाही. आडवा धागा नेणारा धोटा दोन्ही टोकांना निमुळता, टोकांवर धातूची टोपी, धागा बाजूच्या भोकातून बाहेर. इंटरनेटवरच्या कुठल्यातरी परदेशी मागाचं चित्र उतरवलं तर गल्ली वर्षभर हसेल. शहापुरी लुगड्याचे काठ घरोघरी कपाटात आहेत, त्यावरून नक्षी घ्या.

पार

मूळ प्रश्न "लोकांना सामावून घ्यायचं म्हणजे काय" असा होता, तिकडं कुणीच गेलं नाही.

"तुम्हाला इथं काय पाहिजे?" असं विचारू नका. उत्तरं ठरलेली असतात: बाग, जिम, सीसीटीव्ही. त्यापेक्षा आधी जागा बघा. एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडा. सकाळी सात ते नऊ, दुपारी शाळा सुटताना, संध्याकाळी सहा ते आठ, प्रत्येक वेळी एकानं वही घेऊन बसायचं. किती माणसं नुसती गेली, किती थांबली, कुठं टेकली, बायका किती, म्हातारी किती, सावली कुठं होती, एवढंच टिपायचं. विल्यम व्हाइट या माणसानं न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून हेच केलं होतं. त्याचा निष्कर्ष ऐकायला अगदी बाळबोध आहे: जिथं बसायला जागा असते तिथं माणसं बसतात. त्यानं आणखी एक नोंदलं. बघण्यासारखं काही असलं की दोन अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागतात. तुमच्या चित्राचं काम तेच आहे. म्हणून चित्र आणि बाक समोरासमोर ठेवा. भिंतीला चिकटून बाक ठेवला तर बसणाऱ्याची पाठ चित्राकडे.

नंतर विचारायचे प्रश्न वेगळे असतात. इथं तुम्ही काय करता? कुठं थांबता? कशाचा त्रास होतो? बायकांना मंडळाच्या बैठकीत बोलावून काही निघत नाही. भिशी, बचत गट, शाळेची पालकसभा, जिथं त्या आधीच जमतात तिथं तुम्ही जा.

यातून तीन कच्ची रेखाटनं करून घ्या, साधी, काळ्या रेषेची. फ्लेक्स नको, कागदावर छापून त्याच भिंतीवर आठवडाभर लावा आणि खाली शेरे लिहायला जागा सोडा. मतदान घेऊ नका. मतदानात दोन रेखाटनं हरतात आणि हरलेल्यांची माणसं पुढं डागडुजीला येत नाहीत. शेरे वाचून चित्रकारानं एकच नवं रेखाटन करायचं.

तिसरं_गेट

पारनी महत्त्वाचं लिहिलंय. फक्त सगळं लोकांवर सोडलं तर चित्राची खिचडी होते. कुणी मोर म्हणतो, कुणी किल्ला, कुणी गोकाकचा धबधबा, आणि ४२ फुटांत १४ चित्रं उभी राहतात. विषय लोकांचा, मांडणी चित्रकाराची, हे पहिल्या बैठकीतच सांगावं. बेळगावला चित्रकारांची उणीव नाही. के. बी. कुलकर्णी सरांचं चित्रमंदिर इथलं, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. चित्ररथ आणि गणपतीच्या आराशीची कामं करणारे हातही इथंच आहेत, त्यांना मोठ्या मापात काम करायची सवय असते. कागदावर सुरेख काढणारा माणूस ७ फूट भिंतीपुढं गडबडू शकतो.

आणि मानधन द्या. "प्रसिद्धी मिळेल" हे मानधन नाही.

फाईल_क्रमांक

मानधनाबरोबर एक पानाचा करार करा. रक्कम किती हप्त्यांत, रंग कुणाचे, चित्र किती वर्षं ठेवणार, दुरुस्ती कोण करणार, भिंत पाडायची झाली तर चित्रकाराला किती दिवस आधी कळवणार. हे शेवटचं वाक्य फालतू समजू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकला तरी कलाकृतीची मोडतोड झाल्यास कलाकाराला दाद मागता येते. विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पावरून अमरनाथ सहगल दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २००५ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. शिल्पाचे अवशेष परत आणि वर ५ लाख रुपये भरपाई.

कुंदा_कमी_साखर

भाषेचं अजून कुणी काढलं नाही. चिवडा संपत आला.

सीमेवरचा

मी काढतो. मराठी शाळा, मराठी गल्ली, तर मराठी ओळ असायलाच पाहिजे. वाद होईल म्हणून आपणच गप्प राहायचं असेल तर चित्र तरी कशाला?

फाईल_क्रमांक

भावना कळते. पण कायदा आणि व्यवहार वेगवेगळे बघा. ६०% मजकूर कन्नडमध्ये हवा हा नियम दुकानांच्या आणि व्यावसायिक आस्थापनांच्या फलकांना आहे, चित्राला नाही. व्यवहार असा की बीईओ आणि महापालिकेकडून परवानगी घ्यायची आणि फक्त एका भाषेत ओळ लिहायची म्हटलं तर फाईल टेबलावरून हलणार नाही.

पार

दोन्ही लिपी घ्या. पण घोषवाक्य नको, सुविचार तर मुळीच नको, ते कुणी वाचत नाही. मागाच्या भागांची नावं त्या त्या भागाशेजारी लहान अक्षरांत लिहा: धोटा, कांडी, फणी, आणि शेजारी त्यांची कन्नड नावं. विणकरांत दोन्ही भाषा बोलणारी घरं आहेत, नावं त्यांच्याकडूनच घ्या आणि लिहायच्या आधी मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. भिंतीवरची शुद्धलेखनाची चूक पाच वर्षं दिसते.

सीमेवरचा

हे चालेल. मराठी ओळीचा आग्रह मात्र मी सोडलेला नाही, नोंद असू दे.

संपादक मंडळ

सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, खटल्याची चर्चा तिकडं. इथं भिंत चालू राहू दे.

गेरू

आता रंगाचं माप. ४२ × ७ म्हणजे २९४, धरा ३०० चौरस फूट. खरवडलेल्या जुन्या गिलाव्यावर बाहेरचा प्रायमर लिटरला ७५ फुटांच्या आसपास जातो, म्हणजे ४ लिटर. बेसचे दोन हात एक्स्टेरिअर अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे, दोन्ही मिळून लिटरला ५० फूट धरा, म्हणजे ६ लिटर. चित्रासाठी आणखी ४ लिटर पांढरा आणि गडद छटा प्रत्येकी एक लिटर.

स्टेनरची (रंगात मिसळायच्या घट्ट रंगाची) बाटली ओतून गडद रंग करायची सवय इथं फार आहे. लिटरला ३० ते ५० मिलीच्या वर स्टेनर गेला की थर मऊ राहतो, बोटाला लागतो, पावसात ओघळतो. गडद छटा हवी तर दुकानातून डीप बेसमध्ये (गडद छटांसाठीच्या मूळ रंगात) मशीनवर बनवून घ्या. लाल-पिवळे शक्यतो ऑक्साईडचे. गेरूचा लाल, रामरजसारखा पिवळा, काळा, ऑक्साईड हिरवा हे उन्हात वर्षानुवर्षं राहतात. चटक गुलाबी, जांभळा, लिंबू पिवळा दोन उन्हाळ्यांत विटतात. लुगड्याच्या काठाला गडद लाल लागणारच आहे, तो ऑक्साईडमध्ये छान बसतो.

आतली पुट्टी बाहेर वापरू नका. खड्डे भरायचे तर पांढऱ्या सिमेंटची, तीही पातळ. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये चार तास जाऊ द्या. भर दुपारी तापलेल्या भिंतीवर ब्रश लावू नका, पाणी उडून जातं आणि रंग धरत नाही.

तिसरं_गेट

वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारावा काय?

गेरू

माझं मत नाही. आपल्याकडच्या पावसात भिंतीत थोडी ओल येणारच. क्लिअर कोटनं ती अडकते, मग रंगासकट सुटते. डागडुजीच्या वेळी नवा रंग त्यावर धरतही नाही.

जांभा

सरसकट नको हे मान्य. पण खाली चार फुटांपर्यंत, जिथं हात लागतात आणि पोस्टर चिकटतात, तिथं वॉटर बेसच्या अ‍ॅक्रिलिकचा एक मॅट हात मारायला हरकत नाही. ऑइल बेसचा मात्र नको, पिवळा पडतो.

पार

मुलांना आणि गल्लीकरांना ब्रश कसा द्यायचा तेही सांगा.

तिसरं_गेट

चित्रकारानं बाह्यरेषा काढायच्या आणि प्रत्येक भागात क्रमांक टाकायचा. प्रत्येक छटा एकदाच पूर्ण कालवून डब्यांत भरायची, डब्यावर तोच क्रमांक. कपात २०० मिलीपेक्षा जास्त रंग देऊ नका, सांडतो. एका वेळी सहा ते आठ माणसं, प्रत्येकाला ३ फूट रुंदी, दोन तासांची पाळी. चार फुटांच्या खाली मुलं, वर मोठी माणसं, परांचीवर फक्त सवयीची माणसं. शेवटच्या रेघा चित्रकाराच्या. त्या रेघा सगळ्या वाकड्या कडा झाकतात.

रेखाटन उतरवायला इंचाला फूट अशा चौकटी आखा. नीळ लावलेल्या दोरीनं सूत मारलं की ४२ फुटांच्या चौकटी दोघांत तासाभरात होतात. प्रोजेक्टरही चालतो, पण १४ फुटांत तो मागं पुरेसा सरकत नाही. लुगड्याच्या काठासारखी पुन्हा पुन्हा येणारी नक्षी असेल तर खाका करा. कागदाला रेषेवर टाचणीनं भोकं पाडायची आणि कोळशाच्या पुडीची पोटली त्यावर आपटायची.

मलप्रभाकाठ

पावसाळ्यात हात बांधून बसू नका. फिलाडेल्फियात १९८४ पासून भित्तिचित्रांचा मोठा कार्यक्रम चालू आहे. तिथं चित्राचा बराचसा भाग घरात, पातळ नॉनवोव्हन (न विणलेल्या) कापडावर रंगवतात आणि नंतर अ‍ॅक्रिलिक जेलनं भिंतीवर चिकटवतात. जून ते सप्टेंबर शाळेच्या व्हरांड्यात ५ बाय ५ फुटांचे तुकडे म्हाताऱ्यांनी, मुलांनी, घरी बसून काम करणाऱ्या बायकांनी रंगवायचे, दिवाळीनंतर भिंतीवर लावायचे. कापड पॉलिएस्टरचं घ्या, शिंप्याच्या दुकानात मिळतं ते, गोंद नसलेलं. पिशव्यांचं पॉलिप्रॉपिलीन घेतलंत तर रंगही धरणार नाही आणि जेलही. मध्यातून कडेकडे रोलर फिरवून हवा काढायची, नाहीतर फुगे राहतात आणि पहिल्या उन्हात सुटतात.

खानापूर_लोकल

रंगाला पर्याय म्हणून मातीच्या टाइल्सचा विचार करा, निदान काठाच्या पट्ट्यासाठी. खानापुरात कौलांचा आणि कुंभारकामाचा धंदा जुना, खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकाम संस्थाही इथंच. भाजल्या मातीचा रंग विटत नाही.

माप घेताना माती आवळते हे धरा. १० इंचाची टाइल हवी तर ओली ११ इंचाची करा, पण तुमच्या मातीची आवळण आधी तपासा. ओल्या तुकड्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची आणि भाजल्यावर मोजायची. जाडी १५ ते २० मिलिमीटर, मागच्या बाजूला आडवे चर. सावलीत प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवा, घाई केली की कडा वर उचलतात. प्रत्येक टाइलच्या मागे ओली असतानाच क्रमांक कोरा. पेन्सिलीनं लिहिलेला भट्टीत जातो, मग ६० तुकडे जुळवत बसा. बाहेरच्या वापराच्या अ‍ॅडेसिव्हनं बसवा, सांधा ५ मिलिमीटर, आणि १०-१० फुटांवर एक मऊ, लवचीक सांधा सोडा. दक्षिणेचं ऊन खाणाऱ्या भिंतीत तो नसला तर टाइल्स मधेच फुगून सुटतात.

जांभा

कट्ट्याचं राहिलं. पिंपळाच्या खोडाला चिकटून सिमेंट ओतू नका. निदान ३ फूट माती मोकळी. गोल पार बांधला तर मुळं दोन-चार वर्षांत चिरा पाडतात, आणि गोल पारावर वर्षभरात दगड, मग शेंदूर, मग छप्पर येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा सुटे बाक ठेवा. जांभ्याच्या चिऱ्यांचे पाय, वर शहाबादी किंवा कडप्पा. उंची १७ इंच, खोली १६ इंच, फुटाला पाव इंच उतार. कडा गोल घासून घ्या. बसायला चिरा उघडा ठेवू नका, पावसाळ्यात शेवाळतो आणि कपड्यांना लाल लागतो.

गणपती आणि चित्ररथ त्या गल्लीतून जात असतील तर मूर्तीच्या गाडीची रुंदी आधी मोजा. बाक त्या वाटेत आला तर पहिल्याच अनंत चतुर्दशीला निघतो.

पार

दिवा ३००० केल्विनचा, उबदार. वरून तिरपा भिंतीवर पडेल असा, समोरच्या खिडकीत नको. दुचाकींना त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला आखून जागा द्या. नुसत्या हाकलल्या तर परत येतात. एवढं करूनही समोर गाडी लागणार हे धरून चित्रातलं महत्त्वाचं चार फुटांच्या वर ठेवा.

धोटा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तारखा सांगा आता. दिवाळी झाली की लगेच?

फाईल_क्रमांक

दिवाळीनंतर भिंत वाळलेली असते, बरोबर. पण १ नोव्हेंबरच्या (राज्योत्सव आणि काळा दिवस) आसपास परवानगी, बैठक, माइक काही मागू नका. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की पोलीस आणि अधिकारी सगळे तिकडं. १७ जानेवारी सीमालढ्याचा हुतात्मा दिन. मार्चला परीक्षा.

कुंदा_कमी_साखर

म्हणजे उरली ती अमावस्या.

फाईल_क्रमांक

जानेवारीचे शेवटचे दोन आठवडे आणि फेब्रुवारी. कोरडी हवा, दुपार बेताची, शाळा चालू. डागडुजी ऑक्टोबरअखेर सुरू केली तर नव्या गिलाव्याचे २८ दिवसही आरामात भरतात.

धोटा

मग असं लिहून घेतो. पावसाळ्यात जागा बघणं, भिशीत आणि पालकसभेत जाणं, एसडीएमसीचा ठराव, बीईओचा अर्ज, तीन रेखाटनं. ऑक्टोबरअखेरपासून कोपिंग, खरवडणं, गिलावा. डिसेंबरात प्लॅस्टिकची परीक्षा, प्रायमर. फेब्रुवारीत चित्र आणि बाक. काठ मातीच्या टाइल्सचा, खानापुरातून. नावं दोन्ही लिपींत, लहान.

गेरू

टाइल्स आधी बसवा, चित्र नंतर. उलट केलं तर अ‍ॅडेसिव्हचे डाग चित्रावर.

मलप्रभाकाठ

वर्गणीतला दहावा हिस्सा आत्ताच बाजूला काढून ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर दुरुस्ती लागणारच. घंटागाडीचंही विसरू नका.

सुपारी_अडकित्ता

उद्घाटन कुणाच्या हस्ते? आणि कोनशिला?

फाईल_क्रमांक

कोनशिला नको. तिच्यावर कुणाचं नाव वर यावरून जेवढं भांडण होतं तेवढं चित्रावरून होत नाही. शाळेची पोरं बाकावर बसली की झालं उद्घाटन.

धोटा

उरलेला रंग कुठं ठेवायचा? शाळेत?

तिसरं_गेट

शाळेत एक संच, मंडळात एक. मुख्याध्यापक बदलतात, मंडळात फूट पडते, दोन्ही एकदम होणार नाही. प्रत्येक छटेचे २०० मिली छोट्या बाटलीत काठोकाठ भरा. अर्धी बाटली ठेवली तर वर साय धरते. झाकणावर क्रमांक आणि बाटलीला छटेचा मशीनवरचा कोड चिकटवा. बाटली वाळली तरी कोडवरून दुकानदार तोच रंग काढून देतो.